तारेचा बुडखा

माणसाला वेड असावं, पण ते त्याच्या घरापुरतं असावं. आमच्या घरमालकांचं वेड भाडेकरूला भाड्यातच मिळायचं, नळासारखं. नळाला पाणी सकाळी तासभर यायचं. वेड दिवसभर चालू.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. शहराबाहेर सावेडीला तेव्हा घरं कमी आणि बाभळी जास्त होत्या, तिथं त्यांनी नोकरी संपल्यावर घर बांधलं होतं. मागच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मी जळालेल्या मोटारी पुन्हा भरून द्यायचो, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचो. खोली बघायला गेलो तेव्हा अण्णांनी माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. काम काय करता, एवढंच विचारलं. मी म्हणालो, "तांब्याच्या तारेचं." अण्णांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, आता हे भाडं माफ करतात. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून वीतभर तार काढून माझ्या हातात ठेवली.

"सांगा, हिचा बुडखा कंचा?"

मी दोन्ही टोकं बघितली. दोन्हीकडे तांबंच होतं. "अण्णा, तारेला कसला आलाय बुडखा?"

"नवीन हायेत," अण्णा आत वळून बायकोला म्हणाले. "शिकतील." आणि खोली दिली.

अण्णा मूळचे शिंगणापूरच्या बाजूचे. तिथल्या घरांना दारं नसतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. ती कसर अण्णांनी डोक्याला दार बसवून भरून काढली होती, आणि कडी आतून. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली. ओव्हरसियर. जीपमधून उतरायचं, बांधावर उभं राहायचं, ऊस बघायचा आणि कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची, म्हणजे कुणाचा ऊस आधी कापायला घ्यायचा, ते सांगायचं. इतकी वर्षं ऊस बघितल्यावर माणसाला सगळीकडे ऊसच दिसायला लागत असावा.

आता उसाला शेंडा असतो आणि बुडखा असतो, हे खरंच आहे. बुडख्याकडची कांडी गोड, शेंड्याकडची पाणचट. खेड्यातला सुतारसुद्धा घराची मेढ, म्हणजे खांब, उभी करताना लाकडाचा बुडखा खाली आणि शेंडा वर ठेवतो, उलटी मेढ लावली तर त्या घराला बरकत नसते म्हणतात. इथपर्यंत अण्णा आणि जग एका मतानं चालले. पुढं जग थांबलं, अण्णा चालतच राहिले. जे जे लांब आहे ते ते कुठून तरी निघालेलं असणार, मग त्याला बुडखा असणारच, असं त्यांचं म्हणणं. तार कारखान्यात ओढून काढतात. जे टोक आधी बाहेर आलं तो शेंडा, मागून आलं तो बुडखा. वीज बुडख्याकडून शिरली तर खुशीत जाते. शेंड्याकडून घातली तरी जाते, नाही असं नाही, पण कुरकुरत जाते.

"आन ती कुरकुर गान्यात ऐकू येती, वायरमन."

मी वायरमन नव्हतो. पहिल्या महिन्यात मी तसं सांगितलं, दुसऱ्या महिन्यात पुन्हा सांगितलं, मग नाद सोडला.

आता यात गाणं कुठून आलं? तर कॅम्पातून. भिंगारच्या बाजूला लष्कराचा कॅम्प आहे. बदली झालेले अधिकारी जाताना घरातलं सामान विकून टाकत. निवृत्तीचा पैसा हातात आला की लोक विहीर खणतात, पोरीचं लग्न करतात, अगदीच काही नाही तर देवाला जाऊन येतात. अण्णा कपाट आणतो म्हणून कॅम्पात गेले आणि टांग्यातून विलायती स्टिरिओ घेऊन आले. एक अॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड-प्लेअर आणि पोत्याएवढी दोन स्पीकरची खोकी. आमच्या आळीत तेव्हा रेडिओ असलेला माणूस सुखवस्तू समजला जायचा. स्टिरिओवाला माणूस काय समजायचा हे कुणालाच ठरवता येईना.

अण्णांची बायको, आमच्या काकू, दारात उभ्या होत्या. अण्णांनी एक खोकं खाली उतरवलं आणि भिंतीला लावून बोटांनी ठोकून वाजवून दाखवलं. काकू ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं हाय. आता लुगडी ठिवायची कुटं?"

खोकी बैठकीच्या दोन कोपऱ्यांत गेली, आणि अॅम्प्लिफायरपासून खोक्यांपर्यंत तार टाकायची वेळ आली. इथून आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानदाराचे भोग सुरू झाले. त्यानं "किती मीटर देऊ?" विचारलं की अण्णा म्हणायचे, "मीटर मागून. आधी सांग, ही गुंडाळी बुडख्याकडून सोडलीस का शेंड्याकडून?" तो बिचारा पहिल्यांदा वाद घालायचा. नंतर त्यानं शहाणपणा केला. "बुडख्याकडून, अण्णा. खास तुमच्यासाठी राखून ठेवली होती," म्हणायचा आणि मागच्या गिऱ्हाइकाची उरलेली तार त्यांच्या गळ्यात मारायचा. अण्णा खूश, तो खूश. तारेला कुणी विचारत नव्हतं.

तरीसुद्धा घरी आल्यावर अण्णा खात्री करून घेत. उसाच्या पानावरून एका बाजूनं बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, उलटं फिरवलं तर कापतं. तसंच ते डोळे मिटून प्लॅस्टिकच्या तारेवरून चिमूट फिरवायचे. मग बुडख्याच्या टोकाला तांबडा दोरा. लवकरच घरभर तांबडे दोरे झाले. टेबलफॅनला तांबडा दोरा, इस्त्रीला तांबडा दोरा, अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या तारेलासुद्धा तांबडा दोरा.

"हिच्यातनं कुटली वीज जाती वो?" काकूंनी विचारलं.

"वारा तर जातो?" अण्णा म्हणाले.

मी एकदा त्यांना समजावून सांगायला गेलो. माझंच चुकलं. मी म्हणालो, "अण्णा, गाण्याची वीज तारेतून एकाच दिशेनं जात नाही हो. ती सारखी पुढं-मागं, पुढं-मागं करते. दोन्हीकडून जाणारीला शेंडा काय आणि बुडखा काय?"

अण्णांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे बघितलं. "वायरमन, मानूस डोंगरावरच्या गावाला जातो आन परत बी येतो. दोनी बाजूनी जातो म्हनून काय रस्त्याला चढ-उतार नसतो का?"

यावर उत्तर आहे. मला ते आठवडाभरानं सुचलं. तोवर अण्णा पुढच्या विषयावर गेले होते.

रविवारी सकाळी परीक्षा असायची. ही परीक्षा म्हणजे अण्णांच्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम. लबाडी त्यांच्या रक्तात नव्हती, हे कबूल केलंच पाहिजे. लबाड माणसावर काहीतरी इलाज असतो. बैठकीत सुतळीवर जुनी चादर टांगायची. चादरीच्या पलीकडे ते स्टिरिओचं धूड आणि अण्णांची मुलगी सुमन. अलीकडे सतरंजीवर श्रोते. एका सनईच्या रेकॉर्डचा तोच तो तुकडा सुमन दोनदा लावणार. मधे पक्कड-स्क्रूड्रायव्हरची खडखड व्हायची. त्या वेळात तिनं तार फिरवायची; आधी बुडख्याकडून, म्हणजे सुलटी, लावायची की उलटी, हे तिच्या मर्जीवर. कुणाला सांगायचं नाही, बापालासुद्धा नाही. मग प्रत्येकानं सांगायचं, सुलटी तार पहिली होती की दुसरी. सगळ्यात शेवटी अण्णा सांगणार. आणि मग चादरीआडून सुमन खरं काय ते जाहीर करणार.

अण्णा कधीच चुकायचे नाहीत. म्हणजे कधीच नाही. मी कारागीर माणूस, मलाही घाम फुटायचा. तारेला बुडखा नसतो हे मला पक्कं ठाऊक, आणि समोर हा गृहस्थ डोळे मिटून बरोबर सांगतोय!

"दुसरी," अण्णा म्हणायचे. "पहिलीत सनई दाराबाहीर उभी राहून वाजत हुती. दुसरीत घरात आली."

"दुसरी सुलटी होती, अण्णा," चादर बोलायची.

"बघा!"

शेजारचे गुरुजी, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, हे तर कायमचे श्रोते. त्यांना संगीतातलं काही कळत नव्हतं, पण अण्णांचा अंगठा वाचता यायचा. मनासारखं ऐकू आलं की अण्णांच्या पायाचा अंगठा हलायचा. गुरुजी सनईकडे कान आणि अंगठ्याकडे डोळे लावून बसत आणि मग म्हणत, "अहाहा! काय ती दुसरी! साजूक तुपातली!" मी "मला काही कळत नाही बुवा" म्हणायचो. अण्णा म्हणायचे, वायरमनचा कान मोटारींनी खाल्ला. नंतर कांद्याची भजी यायची. श्रोत्यांची गर्दी सनईला होती की भज्यांना, हे दुष्काळाच्या साली कळलं. तेल मिळेना, भजी बंद झाली, आणि आळीतल्या लोकांना रविवारी सकाळी अचानक कामं निघू लागली. राहिलो मी आणि गुरुजी. मला घर सोडायचं नव्हतं आणि गुरुजींना घरी कुणी बोलू देत नव्हतं.

इथपर्यंत गंमत होती. पण सुमनच्या लग्नाचं निघालं आणि गंमत संपली.

पहिलं स्थळ कोपरगावचं. मुलगा बँकेत. मुलगी पसंत, पत्रिका जुळलेली. अण्णांनी त्याला सतरंजीवर बसवला आणि तारेची परीक्षा घेतली. त्या भल्या माणसाला वाटलं सासरा हौशी आहे. तो म्हणाला, "दोन्ही छान वाटल्या." अण्णांनी स्थळ मोडलं. "दोनी छान म्हननारा उद्या दोन बायका करील." दुसरा तलाठी होता. तो म्हणाला, "आवाज जरा मोठा करता का?" तोही गेला.

काकूंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. "तारंपायी पोरगी घरात म्हातारी करनार का तुमी? तिच्या बरुबरीच्या पोरींची पोरं शाळंत जायला लागली! आवं, नवरा बघायचाय का लाउडस्पीकरवाला?"

अण्णा भडकले नाहीत. शांतपणे म्हणाले, "हे बघ. ज्याला तारंतली कुरकुर ऐकू येत न्हाई, त्याला माज्या पोरीची कुरकुर काय ऐकू येनार? ती काय वरडून सांगनारी हाय का? तुज्यासारखी?"

भिंतीपलीकडे मला सगळं ऐकू येत होतं. इतका मूर्ख विचार आणि त्याच्या पोटात इतकी माया, हे मला झेपेना. राग करावा तर त्यालाही जागा ठेवली नाही या माणसानं.

आमच्या वर्कशॉपात भाऊसाहेब नावाचा फिटर होता. साहेब वगैरे काही नाही. आमच्या जिल्ह्यात निम्म्या पोरांना पाळण्यातच साहेब करून ठेवतात. राजूरचा मुलगा, बापाचं तिथं बाजारपेठेत किराण्याचं दुकान. हातात कसब, निर्व्यसनी, दिसायला बरा. एकच खोड होती, खोटं बोलता यायचं नाही. आता खरं बोलणारी माणसं आपण सगळेच वाखाणतो, पण एकत्र काम करून बघा! फोरमननं नवं घर बांधलं, वास्तुशांतीला आम्ही सगळे जेवायला. सगळे वा वा करतायत आणि हा गडी म्हणतो, "न्हाणीचा उतार उलटा झालाय. पानी सैपाकघरात येनार." पाणी आलंच. पण फोरमन वर्षभर त्याच्याशी बोलला नाही.

हा भाऊसाहेब माझ्या खोलीवर यायचा. आला की सुमन पाणी घेऊन यायची. माझ्याकडे इतरही मित्र यायचे, ते तहानलेलेच परत जायचे. मी काही आंधळा नव्हतो. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मला ती आवडती." झालं. दुसरा कुणी असता तर आठवडाभर लाजला असता. मी सुमनला विचारलं, तर ती नळापाशी घागर भरत होती, ती म्हणाली, "दादा, एवढं जमवा. हे स्थळ मोडलं तर मी पुन्हा कुणापुढं पाट मांडून बसणार नाही. अण्णांना सांगून टाकीन, मला घरातच ठेवा म्हणून." बोलताना तिचा आवाज हलला नाही. घागर मात्र भरून वाहत होती आणि तिचं लक्ष नव्हतं.

मग मीच मधे पडलो. राजूरला गेलो, त्याच्या वडिलांशी बोललो. नात्यागोत्यात अडचण नव्हती. देण्याघेण्याचं कुणी काढलं नाही. अण्णांनाही मुलगा पसंत पडला. "हाताला घट्टे हायेत, चांगलं हाय," म्हणाले. "आता एवढी परीक्षा झाली की साखरपुडा."

नागापूरहून सायकलीवर परत येताना मी भाऊसाहेबाला वाटभर पढवलं. "हे बघ, सनई दोनदा वाजेल. तू फक्त म्हणायचं, दुसरी चांगली. बास."

"आन मला एकसारखीच वाटली तर?"

"तरी दुसरी म्हण."

"मग ऐकायची कशाला?"

"अरे बाबा, तुझ्या बायकोसाठी! एक शब्द खोटा बोललास तर मरशील का?"

त्यानं बराच वेळ विचार केला. पेडल मारता मारता म्हणाला, "बगतो." त्याच्या त्या बगतोनं माझा जीव खाली-वर झाला.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. भाऊसाहेब, त्याचे वडील आणि एक मामा. गुरुजी हजर होतेच. पोहे आले. "पोरीनं केलेत," काकू म्हणाल्या. मी पहिला घास तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी आलं. मिठाचा हात सुटला होता, असा तसा नाही, सपशेल. पण मुलीनं केलेले पोहे! मामा म्हणाले, झकास. वडील म्हणाले, हाताला चव हाय. गुरुजी म्हणाले, अमृत! मी म्हणालो, फक्कड, आणि दोन तांबे पाणी प्यालो. अण्णांचं सगळं लक्ष सुतळीवर चादर टांगण्यात होतं, त्यांनी बशीला हात लावला नाही. भाऊसाहेबानं मान खाली घालून बशी संपवली. त्याला कुणी विचारलं नाही, हे आमचं नशीब.

सुमन नेहमीच्या सवयीनं चादरीकडे निघाली. अण्णांनी तिला थांबवलं. "आज तू नवरी हायेस. तू आत बस. आज तार मी फिरवनार."

सुमनचा चेहरा उतरला. ती काकूंकडे बघत आतल्या दाराशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, मुलगी भ्यालेली आहे, एवढंच.

अण्णा चादरीमागे गेले. सनई वाजली. मग खडखड झाली, आणि या वेळी ती बरीच लांबली. अण्णांना स्क्रू सापडत नसावेत, आतून "हात्तिच्या" ऐकू येत होतं. सनई पुन्हा वाजली. अण्णा घामाघूम होऊन बाहेर आले, हातात स्क्रूड्रायव्हर, तोंडावर लग्नघरचा आनंद.

"बोला पाव्हनं!"

मी भाऊसाहेबाच्या मांडीला चिमटा काढला. गुरुजी खोकले. भाऊसाहेबानं माझा हात बाजूला केला.

"एकसारखंच हाय, अण्णा."

"नीट ऐकलंत?"

"व्हय."

"पुन्ना लावू?"

"लावा की. पन फरक न्हाई पडायचा."

अण्णांनी पुन्हा लावली. एकदा सुलटी, एकदा उलटी, आणि आम्हाला कळावं म्हणून चादरीआडून तोंडानं सांगितलंसुद्धा: ही सुलटी, ही उलटी. भाऊसाहेबानं डोळे मिटून, मनापासून, एखाद्या यंत्राचा आवाज ऐकावा तसं ऐकलं. मग मान हलवली. "न्हाई. काय फरक न्हाई."

अण्णा खाली बसले. "राग मानू नका," ते भाऊसाहेबाच्या वडिलांना म्हणाले. "मानूस चांगला हाय. पन ज्याला एवढी कुरकुर ऐकू येत न्हाई, त्याला पोरीच्या मनातली काय ऐकू येनार? च्या घ्या आन मग निघा."

वडिलांनी टोपी उचलली. मामा चपला शोधू लागले. मी कपाळाला हात लावला. आणि हा भाऊसाहेब, उठायचं सोडून, म्हणतो काय, "मनातली कशाला ऐकायची? तिनं तोंडानं सांगावं. तिला तोंड हाय की."

आतल्या दारात बांगड्या वाजल्या. सुमन बाहेर आली आणि सगळ्यांच्या मधे उभी राहिली. पाहुण्यांसमोर मुलीनं असं येऊन उभं राहायची तेव्हा पद्धत नव्हती.

"अण्णा, मलाही फरक ऐकू येत नाही. कधीच आला नाही."

"असं कसं?" अण्णा म्हणाले. "तू तर दर रविवारी सांगायचीस, सुलटी कंची आन उलटी कंची."

"मी तार फिरवतच नव्हते."

"आन ती खडखड?"

"पक्कड डब्यावर वाजवायची."

सुमन बोलत राहिली. तिला आता थांबायचं नव्हतं. "पहिल्या रविवारी फिरवली होती. तुम्ही चुकलात. पण तुम्ही इतक्या खुशीत होतात, मला मोडवेना. मी बरोबर म्हणाले. मग पुढं फिरवायची कशाला? तुम्ही जे म्हणाल तेच मी सांगायची. मला वाटलं होतं, आजही मीच चादरीमागं असेन. हे म्हणतील तेच बरोबर म्हणून सांगेन, आणि होईल माझं लग्न. पण हे काही म्हणेचनात!" आणि एवढं झाल्यावर ती रडायला लागली.

अण्णांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी आढ्याकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. मग त्यांना दुसरंच काहीतरी सुचलं, ते आम्हाला सगळ्यांना दिसलं, कारण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. ते काकूंकडे वळले.

"आन नोकरीत? मी बांधावर उभा ऱ्हाऊन सांगायचो, ऊस असा लावा, पानी असं द्या. लोकं व्हय साहेब, व्हय साहेब म्हनायची. त्ये?"

काकू पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "आता काय सांगू तुमाला. तोड तुमच्या हातात हुती. ऊस वाळला तर त्येंचं साल जातं. तुमी उसाला जोंधळा म्हनला असता तरी व्हय साहेबच म्हनली असती."

त्या माणसाला मी वर्षानुवर्षं हसलो होतो. खोलीत मित्रांपुढं त्यांची नक्कल करायचो, अंगठ्यासकट. आता त्यांच्याकडे बघवेना. मला खरंच फार वाईट वाटलं. आख्खी नोकरी, आख्खा बंगला, रविवारची सनई, सगळीकडे होकारच होकार, आणि त्यातला एकही खरा नव्हता. मला वाटलं आता हे उठतील, आत जातील, दार लावून घेतील. भाऊसाहेबाच्या वडिलांनी तर चपला पायात घातल्याच होत्या.

अण्णा उठले. चादरीकडे गेले नाहीत, आतही गेले नाहीत. सतरंजीवर भाऊसाहेबाच्या शेजारी येऊन मांडी घालून बसले.

"पाव्हनं, एक सांगा. पोहे कसे झालते?"

मामांनी डोळे मिटले. मी मनात शनिमहाराजांना नवस बोललो.

"खारट," भाऊसाहेब म्हणाला.

"लई?"

"लई. भूक हुती म्हनून खाल्ले."

अण्णांनी आपली तशीच राहिलेली बशी ओढली, एक घास खाल्ला आणि हळूहळू चावला. "खारट हायेत," ते म्हणाले. मग एकेकाकडे बघितलं. "झकास कोन म्हनलं हुतं? अमृत कोन म्हनलं?" गुरुजी पुन्हा आढ्याकडे बघू लागले.

"मीठ माज्याच हातनं दोनदा पडलं असंल," काकू बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"पोरीनं केलेत म्हनालीस की मगाशी?"

"आवं, समदीच आसं सांगत्यात! बगायला आल्यावर पोरीनंच केल्यालं असतंय!"

अण्णांनी बशी खाली ठेवली आणि भाऊसाहेबाच्या वडिलांना म्हणाले, "चपला काढा, बसा. तारीख तुमी काढा. तुमाला सोईची असंल ती." सुमन आत पळाली. काकू देवापुढं साखर ठेवायला गेल्या, आणि गुरुजी एकदम मोठ्यानं "शुभं भवतु" म्हणाले, कारण आता काय म्हणायचं ते त्यांना नक्की कळलं होतं.

अण्णांनी भाऊसाहेबाच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत मी त्यांना कुणाकडे काही मागताना बघितलं नव्हतं.

"माजं एक ऐका, पाव्हनं. लगीन झालं की दर रविवारी हिकडं येत जा. पोरीला आना, न्हाई आनली तरी चालंल. च्या घेऊ, दोन गोष्टी बोलू. मला न्हाई म्हननारं कुनीतरी पायजे."

भाऊसाहेबानं थोडा विचार केला.

"दर रविवारी न्हाई जमायचं, अण्णा," तो म्हणाला. "एक आड एक येईन. मला वर्कशॉपात पाळी असती."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोनदा मान हलवली, गुडघ्यावरचा हात तसाच राहू दिला आणि म्हणाले, "हां. आसं."